सतरंज्या उचलणाऱ्याचा पक्ष

राजकारणातल्या साध्या माणसाला आपल्याकडे एक नाव पडलं आहे: सतरंज्या उचलणारा. सभा संपली, पुढारी गाडीत बसले, धुरळा उडाला, की मागे उरतो तो. सतरंज्या झटकायच्या, घड्या घालायच्या, मंडपवाल्याच्या टेम्पोत मोजून टाकायच्या. माइकवाल्याचं भाडं राहिलं असेल तर स्वतःच्याच खिशात हात घालायचा. आता सतरंज्या गेल्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, पण नाव तेच राहिलं. कुणी ते थट्टेनं घेतं, कुणी कौतुकानं. पुढारी भाषणात म्हणतात, "हा पक्ष सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याचा आहे." टाळ्या पडतात. त्या वाजवणारेही तेच असतात.

हे वाक्य खरं आहे का, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडतो आहे. शेत माझं आहे असं मी म्हणतो तेव्हा त्याला काही अर्थ असतो. सातबाऱ्यावर नाव असतं. बांध कुठला ते ठाऊक असतं. काय लावायचं ते मी ठरवतो, आणि माल विकला की पट्टीत तोलाई किती कापली, हमाली किती कापली, ते मी व्यापाऱ्याला विचारू शकतो. पक्ष कार्यकर्त्याचा आहे म्हटल्यावर यातलं काय त्याच्या हातात असतं? उमेदवार तो ठरवतो का? पैसा कुठून आला ते त्याला कळतं का? यातलं काहीच नसेल तर तो मालक नव्हे, सालदार म्हणावा लागेल. पण आमच्या खान्देशात सालदाराचासुद्धा आखाजीला हिशेब होतो. किती उचल घेतली, किती खाडे झाले, किती शिल्लक, ते समोरासमोर बसून ठरतं आणि मग पुढच्या सालाची बोली होते. कार्यकर्त्याची आखाजी कधी येतच नाही.

मी दहावीपर्यंत शिकलो, पुढं केळीत आणि कपाशीत आयुष्य गेलं. राजकारणावर बोलायला मी काही पंडित नाही. पण पक्षाची पावती फाडलेला सदस्य आहे, सोसायटीचा सभासद आहे, ग्रामसभेला बसणारा आहे. या तिन्ही ठिकाणी माणसाला काय विचारता येतं आणि काय नाही, एवढं मी डोळ्यानं पाहिलेलं आहे. त्यावरूनच लिहितो.

माझे एक दोस्त आहेत. गाव त्यांना बापू म्हणतं. अठ्ठावीस वर्षं एकाच पक्षाचं काम केलं. कोणत्या, ते सांगत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट बदलत नाही. शाळेच्या खोलीसाठी, डीपीसाठी, कुणाच्या बाळंतपणात रात्री गाडीसाठी हाच माणूस धावायचा. २०१७ च्या जिल्हा परिषदेला गट खुला झाला, आणि या वेळी बापूच, असं सगळ्यांनी धरलं. वरूनही मान हलली होती. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तहसील कचेरीसमोर आम्ही शंभरेक माणसं उभी होतो. दुपारी एक गाडी आली, तीतून एबी फॉर्म आला, आणि तो आठ दिवसांपूर्वी पक्षात आलेल्या एका माणसाच्या हातात गेला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एबी फॉर्म म्हणजे दोन कागद. 'ए' नमुन्यात पक्ष कळवतो की आमची उमेदवारी द्यायचा अधिकार अमुक माणसाला आहे. 'बी' नमुन्यात तो माणूस कळवतो की आमचा उमेदवार तमुक आहे. हे कागद वेळेत पोचले तर चिन्ह मिळतं, नाहीतर तुम्ही अपक्ष. सही कुणाची, शाई कोणती, वेळ कोणती, सगळं कायद्यात आहे. फक्त ते नाव कसं ठरलं, कुणाला विचारून ठरलं, याबद्दल कागदावर एक ओळसुद्धा नाही. अठ्ठावीस वर्षं आणि आठ दिवस त्या कागदावर सारखेच दिसतात.

संध्याकाळी आम्ही बापूंच्या ओट्यावर बसलो. माणसं तापलेली होती, बापू मात्र शांत. ते म्हणाले, "तिकीट मिळालं नाही त्याचं नाही रे एवढं. दुसऱ्याला मिळणारच कुणाला तरी. पण हे ठरलं कुठं? कुणी ठरवलं? विचारायचं कुणाला?" तालुकाध्यक्ष म्हणाले, जिल्ह्यानं ठरवलं. जिल्हा म्हणाला, मुंबईनं. मुंबईत कोण, ते कुणीच सांगेना. मग कुणीतरी म्हणालं, "चला बापू, सरळ मुंबईला जाऊन विचारू." त्यावर ते म्हणाले, "विचारलं की गद्दार ठरतो, भाऊ." आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच उमेदवाराच्या प्रचाराला गेले.

कुणी याला निष्ठा म्हणेल. मीही त्यांना मान देतो. पण त्या रात्रीपासून एक गोष्ट मनात बसली. आपल्याकडे निष्ठा आणि हिशेब हे दोन शब्द एकमेकांचे वैरी करून ठेवले आहेत. जो हिशेब विचारतो त्याची निष्ठा संपली, आणि जो निष्ठावंत आहे त्यानं हिशेब विचारू नये. हे कुणी ठरवलं? घरात भाऊ भावाला विचारतो, केळीच्या गाडीचे पैसे किती आले? तो काय भाऊबंदकी करतो? उलट जिथं विचारता येत नाही तिथंच पुढं वाटण्या होतात.

माझी बायको पंधरा-सोळा वर्षं महिला बचत गटात आहे. सुरुवातीला बारा बाया होत्या. त्यातल्या चौघींना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून त्यांनी पहिल्याच बैठकीत ठरवलं की वही मोठ्यानं वाचायची. कुणी किती भरले, कुणी किती कर्ज घेतलं, कुणाचा हप्ता थकला, सगळं. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. मी एकदा थट्टेनं म्हणालो, "एवढा अविश्वास?" ती म्हणाली, "अविश्वास नाही हो. पेटी माझ्याकडे आहे, उद्या शंभर रुपये कमी भरले तर मला चोर कोण म्हणेल? वही वाचली म्हणजे मी मोकळी." हे मला पुस्तकात कुठं वाचायला मिळालं नव्हतं. उघडा हिशेब जसा देणाऱ्यासाठी असतो तसा सांभाळणाऱ्यासाठीही असतो. प्रामाणिक पुढाऱ्याला तर तो आधी हवा, कारण झाकलेल्या हिशेबात चांगला माणूस आणि वाईट माणूस सारखेच दिसतात.

वाचणारा म्हणेल, बचत गटाची पेटी आणि देशाचा पक्ष यांची तुलना कशी होईल? पक्ष म्हणजे खाजगी मंडळ, पटलं तर राहा, नाहीतर बाहेर पडा. हेच नीट बघायला पाहिजे. पक्ष खाजगी आहे का?

पक्षाच्या उत्पन्नावर आयकर माफ आहे. निवडणुकीत आकाशवाणी-दूरदर्शनवर त्यांना फुकट वेळ मिळतो. चिन्ह त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं असतं, दुसऱ्याला ते वापरता येत नाही. सगळ्यात मोठी गोष्ट १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याची. आपण निवडून दिलेला आमदार सभागृहात पक्षाच्या व्हीपविरुद्ध मत देईल तर त्याचं पद जाऊ शकतं. म्हणजे मी मत दिलं माणसाला, पण हात वर होणार पक्षाच्या सांगण्यावरून. आयाराम-गयाराम थांबवायला तो कायदा केला, हेतू चांगला होता. पण त्यामुळं पक्षाच्या आत कोण ठरवतं हा प्रश्न पक्षापुरता राहिला नाही, तो माझ्या मताचा प्रश्न झाला. ज्या खोलीत व्हीप ठरतो त्या खोलीत माझं मत नेऊन ठेवलं आहे, आणि त्या खोलीला खिडकी नाही.

केंद्रीय माहिती आयोगानं ३ जून २०१३ ला निकाल दिला की सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात. कारणं साधारण हीच होती: सरकारकडून मिळणाऱ्या सवलती आणि त्यांच्या कामाचं सार्वजनिक स्वरूप. पक्षांनी माहिती अधिकारी नेमायचे होते, लोकांच्या अर्जांना उत्तरं द्यायची होती. एकाही पक्षानं ते केलं नाही. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष त्या एका बाबतीत एका ओळीत उभे राहिले. आपल्या महाराष्ट्रात देशाच्या आधी, २००२ सालीच, माहिती अधिकाराचा कायदा झाला. अण्णा हजारे त्यासाठी उपोषणाला बसले होते. आज माहिती अधिकाराच्या जोरावर मी माझ्या ग्रामपंचायतीला विचारू शकतो की गटारीवर सिमेंटच्या गोण्या किती लागल्या. पण ज्या पक्षाची मी पावती फाडली आहे, त्याला गेल्या निवडणुकीत हेलिकॉप्टरचं भाडं कुणी दिलं ते मी विचारू शकत नाही.

पैशाचं तर फारच झालं. मी सोसायटीचं पीककर्ज काढायला जातो तेव्हा सातबारा लागतो, आठ-अ लागतो, दुसऱ्या बँकेचा बेबाकी दाखला लागतो, आधार लागतं. रक्कम असते लाख-दीड लाख. आणि २०१८ साली निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेत जाऊन हजार रुपयांपासून एक कोटी रुपयांपर्यंतचा रोखा घ्यायचा आणि पंधरा दिवसांत पक्षाला द्यायचा. रोखा कुणी घेतला ते बँकेला माहीत, पण मतदाराला ते कळायची सोय ठेवलेली नव्हती. सहा वर्षं हे चाललं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ती योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला माहितीचा हक्क आहे, पक्षाला पैसा कुठून येतो ते कळल्याशिवाय तो नीट मत देऊ शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. मग त्या मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. कुणी किती दिले आणि कुणाला मिळाले, हे पेपरात पानंच्या पानं छापून आलं. आमच्या गावात चावडीवर ती पानं वाचली गेली. एक म्हातारा म्हणाला, "एवढे पैसे देणारे लोक आहेत तर मग हे आपल्याकडं पाच रुपयांची पावती कशाला फाडतात?"

त्याच्या प्रश्नात मला फार मोठी गोष्ट दिसली. ज्याच्या पैशावर पक्ष चालतो, त्याचंच ऐकलं जातं. पाच रुपये कुणालाच पुरत नाहीत. ती पावती आपण आहोत एवढं दाखवायला असते.

आणि पावतीचा खरा अर्थ एके काळी होता, हे मी घरातच ऐकलेलं आहे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. तिथं गांधीजींनी पक्षाची नवी घटना करून घेतली. चार आणे वर्गणी भरेल तो सदस्य, आणि गाव, तालुका, जिल्हा, प्रांत अशा समित्या खालून वर. तोवर काँग्रेस म्हणजे शहरातल्या वकील-बॅरिस्टरांची वर्षातून एकदाची सभा होती. चार आण्यांनी ती गावात आली. पुढं डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या फैजपूरला अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. माझे आजोबा बांबू वाहायला बैलगाडी घेऊन गेले होते. त्यांच्याकडे चार आण्यांची पावती होती आणि ती ते पोथीत ठेवत. त्यांना विचारलं की सांगायचे, "त्या पावतीवर मत होतं." सदस्य मतं देऊन प्रतिनिधी निवडत, आणि ते प्रतिनिधी अधिवेशनाला जात. आजोबांना अक्षर ओळखण्यापुरतंच येत होतं, पण आपला प्रतिनिधी कोण आणि तो आपल्या मतानं गेला आहे, एवढं पक्कं ठाऊक होतं.

जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. १९३९ साली सुभाषबाबू अध्यक्षपदाची निवडणूक पट्टाभि सीतारामय्या यांच्याविरुद्ध जवळपास दोनशे मतांनी जिंकले, तरी वरच्या मंडळींशी जमेना म्हणून तीन महिन्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे मत असूनही वरचा हात भारी पडतो, हे तेव्हाही होतंच. फरक एवढाच की तेव्हा ते सगळ्यांना दिसलं. मतं मोजली गेली होती, आकडा छापला गेला होता, आणि त्या आकड्याविरुद्ध काय घडलं ते आज ऐंशी वर्षांनीही आपण बोलू शकतो. बापूंच्या बाबतीत बोलायला आकडाच नाही.

आताची सदस्यता तर त्याहून सोपी झाली. मिस्ड कॉल दिला की माणूस सदस्य होतो. माझ्या पुतण्याच्या मोबाईलवरून त्याच्या मित्रांनी त्याला दोन पक्षांचा सदस्य करून टाकलं. सदस्य कोटींनी वाढले म्हणून पेपरात येतं. पण या कोटींतल्या कुणाच्या मतानं काही ठरलं, असं काही वाचायला मिळत नाही.

पक्ष कुणाचा, हा प्रश्न आपल्या राज्यात गेल्या काही वर्षांत उघड्यावरच आला. शिवसेना फुटली, मग राष्ट्रवादी फुटली. मी यातल्या कुठल्याच बाजूचा नाही, आणि कोण बरोबर ते इथं सांगायचंही नाही. मला फक्त मापात रस आहे. दोन्ही बाजूंनी लाखांनी सदस्यांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं आयोगाकडे दिली. गावोगाव लोकांनी सह्या केल्या होत्या, अंगठे दिले होते. निवडणूक आयोगानं १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं. माप धरलं ते आमदार-खासदारांचं. विधानसभेत ५५ पैकी ४० आमदार त्यांच्या बाजूला होते. संघटनेत बहुमत कुणाचं, या मापावर विसंबता येत नाही असं आयोगाचं म्हणणं पडलं, कारण पक्षाची घटनाच लोकशाहीला धरून नाही, वरून नेमलेल्यांनीच वरच्याला निवडायचं अशी ती रचना. पुढं ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाला मिळालं, तिथंही आमदारांचीच संख्या कामी आली.

निकाल कुणाला पटला, कुणाला नाही. पण दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी एक गोष्ट समजून घ्यायला हवी होती आणि त्यावर कुणीच बोललं नाही. घर कुणाचं ठरवायची वेळ आली तेव्हा लाखो सदस्यांच्या कागदांना तराजूत वजन भरलं नाही, कारण त्या सदस्यांनी कधी कुणाला निवडलेलंच नव्हतं. चाळीस-पन्नास माणसं मोजली आणि काम झालं. ज्यांनी तीस-तीस वर्षं भिंती रंगवल्या त्यांचा त्या हिशेबात आकडाच आला नाही. संघटनेत खऱ्या निवडणुका झाल्या असत्या, मतदार यादी असती, तर आयोगाला खालचं माप घ्यावं लागलं असतं. पक्षातली निवडणूक हा शहाण्या लोकांचा छंद आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघावं. पक्ष भरात असतो तेव्हा तिची गरज वाटत नाही. फुटतो तेव्हा तीच सातबारा असते.

मग कायदा काय करतो? १९८९ पासून पक्षाला आयोगाकडे नोंदणी करावी लागते, घटना द्यावी लागते, लोकशाही मानतो असं लिहून द्यावं लागतं. आत निवडणुका घ्या म्हणून आयोग आठवणही देतो. पण पक्षानं नाहीच पाळलं तर नोंदणी काढून घ्यायचा अधिकार त्यासाठी आयोगाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली सांगितलं. विधी आयोगानं १९९९ च्या अहवालात पक्षांच्या आतल्या कारभारासाठी कायदा करा म्हणून सुचवलं होतं. तो अहवाल तसाच राहिला. कायदा करायचा तो पक्षांनीच, हे त्याचं साधं कारण.

गुन्हे असलेल्या उमेदवारांबाबत मात्र न्यायालयानं १३ फेब्रुवारी २०२० ला थोडं पुढचं पाऊल टाकलं. असा उमेदवार दिला तर का दिला, स्वच्छ माणूस का मिळाला नाही, ते पक्षानं पेपरात छापायचं, आणि 'निवडून येण्याची क्षमता' हे एकटं कारण चालणार नाही. त्या जाहिराती बारीक अक्षरांत येतात, मी चष्मा लावून वाचतो. चांगली सवय आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की असं कारण प्रत्येक उमेदवाराचं का देऊ नये? बापूंऐवजी दुसरा का, हे दोन ओळींत लिहून तालुक्याच्या कचेरीत लावलं असतं, तर बापूंनी ते वाचून मान हलवली असती किंवा वाद घातला असता. दोन्ही चाललं असतं.

याला विरोध करणारे लोक मूर्ख नसतात, त्यांचंही ऐकलं पाहिजे. एक जुने पुढारी मला एकदा म्हणाले, "पक्ष म्हणजे फौज. फौजेत मतदान घेत बसलो तर लढाई हरू." लढाईच्या दिवशी हे खरं आहे. पण निवडणूक पाच वर्षांनी येते आणि ही फौज बाराही महिने लढाईच्या नावानं गप्प बसवली जाते. युती कुणाशी, जागा किती मागायच्या, ही बोलणी दार लावून होऊ द्या. बैलाचा सौदा करतानासुद्धा रुमालाखाली बोटं धरतात. पण सौदा झाल्यावर किंमत घरी सांगावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो मला माझ्या सोसायटीनंच शिकवला. सदस्यांना मत दिलं की जो सदस्य विकत घेईल तो जिंकेल. हे मी पाहिलेलं आहे. निवडणुकीच्या आधी एका रात्रीत सभासद वाढतात. मयत सभासद मतदानाला येऊन जातात. वार्षिक सभेत अहवाल वाचायला सुरुवात झाली की मागून "मंजूर, मंजूर" असा गलका होतो आणि विषय क्रमांक बारापर्यंत दहा मिनिटांत गाडी पोचते. चहा आधीच तयार असतो. ग्रामसभेचंही तेच. कोरम भरला नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे दार उघडं ठेवलं की माणसं आत येतीलच असं नाही, आणि येतील ती भलीच असतील असंही नाही.

पण याच सोसायटीत आणखी काय आहे तेही बघा. मतदार यादी आधी कच्ची लागते. तिच्यावर हरकत घेता येते. मयताचं नाव दिसलं तर मी अर्ज करतो आणि ते निघतं. मतदान गुप्त असतं, आणि निवडणूक घ्यायला बाहेरचा अधिकारी येतो. हिशेब तपासायला लेखापरीक्षक येतो, त्यानं काढलेले दोष अहवालात छापावे लागतात. एवढं असूनही लबाडी होते, हे कबूल. मात्र लबाडी झाली की ती कुठं झाली ते बोट ठेवून दाखवता येतं. आमच्या सोसायटीत एका सचिवानं खताच्या पैशात गोंधळ केला. तो सापडला कसा? ताळेबंद छापला होता म्हणून. एका निवृत्त मास्तरांनी शेवटच्या पानावरची बेरीज करून बघितली म्हणून. तीनशे सभासदांत एकानं बेरीज केली, तेवढं पुरलं. लोकसहभाग म्हणतात तो फार मोठा असावाच लागतो असं नाही. एकाला बेरीज करता आली पाहिजे आणि त्याला कागद मिळाला पाहिजे.

२०१४ च्या लोकसभेला काँग्रेसनं काही मतदारसंघांत उमेदवार कार्यकर्त्यांच्या मतदानानं निवडून बघितला, आपल्याकडे वर्ध्याला आणि लातूरलाही. त्या निवडणुकीत पक्षाचा धुव्वा उडाला, आणि पुढं तो प्रयोग कुणी लावून धरला नाही. पहिल्या वर्षी ठिबक बसवलं आणि पाऊसच झाला नाही म्हणून कुणी नळ्या उपटून फेकत नाही. शेतकऱ्याला हे कळतं, पक्षाला कळलं नाही.

माझा नातू आता अठरा वर्षांचा होतो आहे. दोन पक्षांची पोरं त्याच्या मागं आहेत, एकानं टी-शर्टही दिला आहे. मी त्याला कुठल्या पक्षात जा किंवा जाऊ नको, असं सांगितलं नाही. राजकारण घाण आहे, लांब राहा, असं सांगणारी म्हातारी माणसं मला आवडत नाहीत. लांब राहिल्यानं आपलं फक्त नुकसान होतं. मी त्याला म्हणालो, "जा, पण आधी तालुक्याच्या कचेरीत जाऊन तीन गोष्टी विचार. सदस्यांची यादी कुठं लावली आहे? पक्षाचा पैसा कुठून येतो आणि तालुक्याला किती आला? आणि पुढच्या वेळी इथला उमेदवार ठरवताना माझं मत कुठं घेतलं जाणार?"

तो जाऊन आला. पहिल्या ठिकाणी त्याला चहा दिला आणि म्हणाले, मोठा हुशार आहेस. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, तुला कुणी पाठवलं? उत्तर कुठंच मिळालं नाही. पोरगं जरा हिरमुसलं. मी म्हणालो, "अरे, पुढच्या महिन्यात परत जा. या वेळी दोघं-तिघं मिळून जा, आणि लेखी द्या, पोच घ्या." बापू शेजारीच बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अर्जावर माझी सही घ्या रे. जुना सदस्य आहे, पावती आहे माझ्याकडं."